यहुद्यांची तोरा: कोणत्या टीकेसह वाचावी?

एखाद्यानें आपणांस विचारलें कीं, "मला गीता घ्यावयाची आहे, कोणती घेऊं?" तर आपण त्यास उलट प्रश्न करतों, "कोणाची?" शंकराचार्यांची, रामानुजांची, ज्ञानेश्वरांची, कीं लोकमान्यांची? श्लोक तेच, परंतु हातीं येणारा ग्रंथ निराळा. आणि कित्येक घरांत तर हे सारे एकाच फळीवर शेजारीं शेजारीं नांदत असतात. आपल्या वाचकांपैकीं ज्यांस यहुदी लोकांचा धर्मग्रंथ त्यांच्याच रीतीनें अभ्यासावा अशी इच्छा होईल, त्यांनीं ग्रंथ विकत घेण्यापूर्वीं हाच प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे.

आपल्याकडे या ग्रंथाची ओळख झाली ती बहुधा मिशनऱ्यांच्या 'जुन्या करारा'तून. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीनें हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठींत उतरविलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु भाषांतर तें भाषांतर. यहुदी मनुष्य नुसत्या संहितेवर क्वचितच थांबतो. एकच उदाहरण घ्या. दुसऱ्या ग्रंथांत, ज्यानें दुसऱ्याचा डोळा फोडला त्याचा डोळा जावा, अशा अर्थाचें वचन आहे. नुसती संहिता वाचणाऱ्यानें त्यावरून हा धर्म सूडाचा आहे असा निकाल द्यावा, आणि शतकानुशतकें अनेकांनीं तो दिलाही. तालमूदांतील पंडितांनीं मात्र त्याचा अर्थ द्रव्यरूप भरपाई असाच ठरविला. आणि भरपाईचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेला रोजगार व झालेली अप्रतिष्ठा असे पांच प्रकार लावून दिले. टीकेसह छापलेल्या प्रतींत हें त्याच पानावर दिसतें. टीका नसलेल्या प्रतींत त्याचा मागमूसही नसतो. म्हणून 'कोणती प्रत' हा प्रश्न केवळ कागद-बांधणीचा नव्हे.

तोरा म्हणजे मोशेचे पांच ग्रंथ. सिनेगॉगमध्यें ती चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानें लिहिलेली असते; तींत स्वरचिन्हें नाहींत, विरामचिन्हें नाहींत, अध्यायांचे आंकडे नाहींत. वाचणाऱ्यानें शब्दांचे उच्चार आणि गायनाचे सूर दोन्ही मुखोद्गत करून उभें राहावें लागतें. आपल्या वैदिकांची आठवण व्हावी असा हा प्रकार. मात्र येथें अक्षरें डोळ्यांपुढें असूनही पाठांतर सुटत नाहीं. तो चुकला कीं समोर बसलेली मंडळी तत्काळ दुरुस्त करतात. या मंडळींच्या हातांत जें पुस्तक असतें त्यास 'हुम्माश' म्हणतात. हिब्रूंतील 'पांच' या संख्येवरून हा शब्द झाला आहे. त्यांत स्वरचिन्हें असतात, सुरांच्या खुणा असतात, तोरेचे वर्षभरांत वाचावयाचे ५४ पाठ पाडलेले असतात, आणि प्रत्येक पाठास जोडून वाचावयाचा प्रेषितांच्या ग्रंथांतील उतारा, म्हणजे 'हफ्तारा', दिलेला असतो.

हें झालें सिनेगॉगमधलें. घरींही आठवड्याचा पाठ मुळांतून दोनदां आणि ओंकेलोसच्या अरामी भाषांतरांतून एकदां वाचावा असा नियम आहे. सोळाव्या शतकांत योसेफ कारोनें 'शुल्हान आरूख' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ रचला, त्यांत एक सवलत आहे: अरामी भाषांतराऐवजीं राशीची टीका वाचली तरी चालेल; जो अधिक श्रद्धावान् असेल त्यानें दोन्ही वाचावीं. टीकाकारास इतका मान मिळाल्याचीं उदाहरणें कोणत्याही धर्मांत थोडींच सांपडतील.

हा राशी कोण? (आपल्या बारा राशींशीं याचा कांहीं संबंध नाहीं, राब्बी श्लोमो यित्झाकी या नांवाच्या आद्याक्षरांचा हा संक्षेप.) फ्रान्सांतील त्र्वा गांवीं इ. स. १०४० मध्यें तो जन्मला व ११०५ मध्यें वारला. त्याची टीका आखूड, मोजकी. मूळ वाक्यांतला एखादा शब्द उचलावयाचा, त्यावर दोन ओळी लिहावयाच्या, पुढें जावयाचें. हिब्रू शब्द लोकांस समजणार नाहीं असें वाटलें तर तो तत्कालीन फ्रेंच शब्द हिब्रू लिपींत लिहून देतो. असे शेंकडों शब्द त्याच्या टीकेंत विखुरले आहेत, आणि जुन्या फ्रेंच भाषेचे अभ्यासक आज त्यांसाठीं राशीकडे धांव घेतात. शंका मात्र तो क्वचितच बोलून दाखवितो. उत्तर तेवढें देतो, प्रश्न वाचकानें हुडकावा!

राशीच्या मागून आले त्यांनीं त्याचा मान राखला, पण ऐकून घेतलें नाहीं. त्याच्या मुलीचा मुलगा राश्बाम हा शब्दाच्या सरळ अर्थाचा एवढा अभिमानी कीं, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत दिवस सकाळीं पुरा होतो असें त्यानें लिहून टाकलें. शब्बाथ तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळावयाचा! या राश्बामनेंच एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे. आजोबांशीं आपला वाद झाला, तेव्हां त्यांनीं कबूल केलें कीं, सवड असती तर दिवसेंदिवस नव्यानें सुचणाऱ्या सरळ अर्थांना धरून मी दुसरी टीका लिहिली असती. नातवानें आजोबांचें मत खोडावें, आजोबांनीं तें मान्य करावें, आणि पुढच्या पिढ्यांनीं दोघांसही एकाच पानावर छापावें, ही या परंपरेची तऱ्हा आहे. स्पेनचा इब्न एझरा व्याकरणाच्या बळावर बोलतो. रांबान (११९४-१२७०) बहुधा राशीचें मत आधीं मांडून मग त्याशीं झगडतो. बार्सेलोनाच्या राजसभेंत १२६३ सालीं ख्रिस्ती पंडितांशीं वाद करावा लागलेला हाच तो. पुढें त्यास देश सोडून पवित्र भूमीस जावें लागलें.

मध्यें मोठ्या अक्षरांत संहिता, शेजारीं ओंकेलोस, आणि भोंवतीं हे सर्व टीकाकार, अशा छापील पानास 'मिक्राओथ गेदोलोथ' म्हणतात. पहिली अशी आवृत्ति व्हेनिसमध्यें १५१६-१७ सालीं निघाली. छापणारा डॅनियल बाँबर्ग हा ख्रिस्ती. संपादक यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. आणि अर्पणपत्रिका पोप दहाव्या लिओस. यहुद्यांनीं तिचें स्वागत मनापासून केलें नाहीं यांत नवल नाहीं. त्याच छापखान्यानें १५२४-२५ मध्यें याकोब बेन हय्यीमकडून दुसरी आवृत्ति तयार करविली, आणि पुढच्या आवृत्त्यांचा नमुना तीच ठरली. हा याकोबही पुढें ख्रिस्ती झाला, तरी त्यानें आंखलेलें पान टिकलें.

नवख्याची पहिली फजिती याच पानावर होते. महिना-दोन महिने खपून चौकोनी हिब्रू अक्षरें शिकावीं, आणि टीकेचें एक अक्षर वाचतां येऊं नये! कारण टीका 'राशी लिपी' नांवाच्या निराळ्या वळणांत छापतात. राशीनें स्वतः हें वळण कधीं गिरविलें नाहीं. १४७५ सालीं इटलींतील रेज्जो येथें त्याची टीका छापली गेली, ती स्पेनकडच्या यहुद्यांच्या हस्ताक्षराच्या वळणाचे खिळे पाडून. त्यावरून हें नांव पडलें. अलीकडच्या कांहीं आवृत्त्यांत टीकाही चौकोनी अक्षरांत व स्वरचिन्हांसह छापतात. शिकाऊ माणसानें प्रत घेतांना प्रथम हें पाहावें.

ज्यास हिब्रू येत नाहीं त्यास इंग्रजीवांचून गति नाहीं, आणि तेथें तर निवड अधिकच कठीण. कोणतीही प्रत उघडा. पहिल्याच शब्दावर ती आपला पंथ सांगते. तोरेचा पहिला शब्द 'बेरेशिथ'. हा स्वतंत्र शब्द आहे, कीं पुढच्या शब्दाशीं त्याचा षष्ठीचा संबंध आहे? स्वतंत्र मानला तर पहिलें वाक्य तेथेंच पुरें होतें व सृष्टि शून्यांतून झाली असें विधान ठरतें. षष्ठी मानली तर तें वाक्य अपुरें राहून पुढच्या वाक्यास टेकतें. राशी षष्ठीच्या बाजूचा, रांबान विरुद्ध बाजूचा. १९१७ चें अमेरिकेंतील यहुदी भाषांतर वाक्य पुरें करतें. त्याच संस्थेचें १९८५ चें तें अपुरें ठेवतें. मौज अशी कीं, अत्यंत सनातनी म्हणून प्रसिद्ध असलेल्या 'स्टोन' आवृत्तीचा कौलही राशीला अनुसरून षष्ठीसच पडतो. व्याकरणांत सनातनी व चिकित्सक हातांत हात घालून चालतात, आणि अर्थाच्या वाटेवर लगेच फांकतात.

इंग्रजी प्रतींत वडीलकीचा मान डॉ. हर्ट्झ यांच्या हुम्माशास द्यावा लागेल. ब्रिटिश साम्राज्याचे ते मुख्य धर्मगुरु (१९१३ ते १९४६). ही टीका १९२९ पासून १९३६ पर्यंत भागाभागानें निघाली, आणि पुढें एका जिल्दींत आली. तोरा अनेक हातांनीं निरनिराळ्या काळीं रचली, या जर्मन पंडितांच्या मतावर त्यांत जागोजाग हल्ला आहे. भाषा भारदस्त, आवेश वकिलाचा. पण साम्राज्याच्या भर राजधानींत बसून स्वधर्माची बाजू मांडणाऱ्याचें मन त्यांत दिसतें, आणि आपल्याकडील त्या काळच्या लेखकांशीं त्याचें नातें जाणवल्याशिवाय राहत नाहीं. १९४७ च्या 'सॉन्सिनो' हुम्माशांत मध्ययुगीन टीकाकारांचा सारांश आहे. १९९३ ची 'स्टोन' आवृत्ति आज सनातनी सिनेगॉगांतून सर्वत्र दिसते. छपाई सुबक, टीपा परंपरेंतून वेंचलेल्या, पण ग्रंथरचनेविषयींची आधुनिक शंका तेथें विचारांत घेतलेली नाहीं. ही शंका ज्यांस टाळावयाची नाहीं, त्यांच्यासाठीं गुंथर प्लाउट यांची सुधारक पंथाची १९८१ ची टीका आहे, आणि मधल्या पंथाचें २००१ चें 'एत्झ हय्यीम' आहे. या दुसऱ्या ग्रंथांत संहितेखालीं दोन थर आहेत: वर शब्दार्थ, खालीं प्रवचनार्थ. २००८ सालीं केवळ विदुषींनीं लिहिलेली तोरेची एक टीकाही निघाली. सारा, रिबका व मिर्याम यांच्याविषयीं जुने टीकाकार जेथें चटकन पुढें सरकतात तेथें ती थांबते. ऑक्सफर्डच्या 'ज्यूइश स्टडी बायबल'मध्यें (२००४, दुसरी आवृत्ति २०१४) उत्तम टीपा आहेत, पण मूळ हिब्रू नाहीं, त्यावर एकट्यानें अभ्यास होईल, सिनेगॉगमध्यें बसून पाठ अनुसरतां येणार नाहीं.

या शंकेचें पाप सर्वस्वीं जर्मन पंडितांच्या माथीं मारणेंही बरोबर नाहीं. तोरेच्या अखेरीस मोशेच्या मृत्यूचें वर्णन आहे. तें मोशेनेंच कसें लिहिलें? राशी तेथें दोन मतें देतो: एक, शेवटचीं वचनें यहोशवानें लिहिलीं, दुसरें, देव सांगत गेला व मोशे डोळ्यांत अश्रु आणून लिहीत गेला. इब्न एझरा तर यासारख्या आणखी कांहीं जागा खुणावून, यांत एक रहस्य आहे, असें सुचवून गप्प बसतो. तें रहस्य स्पिनोझानें १६७० सालीं चव्हाट्यावर आणलें. घरांतल्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें हाच प्रश्न विचारला, तर ज्या प्रतींत त्याचा उल्लेखच नाहीं ती त्याच्या हातून लवकरच खालीं ठेविली जाईल. आणि ज्या प्रतींत तेवढाच प्रश्न आहे ती आजोबांच्या हातून. दोघेही एका बैठकीस बसावयाचे असतील तर घरांत दोन प्रती हव्यात, असें माझें स्पष्ट मत आहे.

परंतु पैसे एकाच ग्रंथापुरते असतील, तर मी राशी सुचवीन. रोझेनबाउम व सिल्बरमन यांनीं १९२९ ते १९३४ या काळांत लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या पांच भागांत संहिता, ओंकेलोस, हफ्तारा आणि संपूर्ण राशी इंग्रजी भाषांतरासह आहे. निवडक टीपांच्या प्रतींत संपादक आपल्यातर्फे निवड करून मोकळा होतो. येथें एक टीकाकार अथपासून इतिपर्यंत आपल्याशीं बोलतो, आणि त्याशीं भांडावयास आपण मोकळे राहतों.

कसें भांडावें हें नेहामा लायबोविट्झ (१९०५-१९९७) या बाईंनीं शिकविलें. १९४२ मध्यें कांहीं वसाहतींतील स्त्रिया अभ्यासवर्ग संपवून घरीं परतल्या, तेव्हां त्यांच्या आग्रहावरून या बाई यरुशलेमहून दर आठवड्यास एक प्रश्नपत्रक टपालानें पाठवूं लागल्या. टीकाकारांचे परस्परविरोधी उतारे द्यावयाचे आणि विचारावयाचें: येथें राशीस काय अडलें? उत्तरें लिहून येत, आणि बाई तीं स्वतः तांबड्या शाईनें तपाशीत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, शिपाई, शिक्षक, असे नाना तऱ्हेचे विद्यार्थी त्यांत होते. ही पत्रकें जवळजवळ तीस वर्षें चाललीं, आणि त्यांतून निघालेले त्यांचे ग्रंथ इंग्रजींतही मिळतात.

हा सारा विषय परक्या मुलखाचा असें मात्र कोणीं समजूं नये. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे कोंकणांतले 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्राएल, मराठीच बोलत आले. जॉन विल्सननें १८३२ सालीं त्यांच्यासाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हग्गादा' मराठी अर्थासह मुंबईंत १८४६ मध्यें आणि पुण्यांत १८७४ मध्यें छापली गेली, आणि जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४-१९०५) यांनीं प्रार्थनेचे अनेक ग्रंथ हिब्रूंतून मराठींत आणले. राशी वाचतांना ज्यास इंग्रजीचा आडपडदा खुपेल, त्यानें तीं जुनीं पुस्तकें ग्रंथालयांतून अवश्य पाहावीं. हिब्रू वाक्याला मराठी वळण किती सहज बसतें हें त्यांत दिसतें.

घेतांना आणखी एक पाहावें. हफ्तारेचे उतारे मध्य युरोपाकडील अश्केनाझी व स्पेनकडील सेफार्दी अशा दोन रीतींत कांहीं ठिकाणीं भिन्न असतात. आपल्याकडील बेने इस्राएलांची रीत सेफार्दी. तेव्हां मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगांत पाठ ऐकावयास जावयाचें असेल तर दोन्ही रीती दाखविणारी प्रत घ्यावी. आरंभासाठीं शरद् ऋतूंतील 'सिम्हाथ तोरा'च्या सणाची वाट पाहावयास नको. त्या दिवशीं शेवटचा पाठ संपवून लगेच पहिला वाचतात हें खरें, पण चालू आठवड्याचा पाठ कोणता तें विचारून तेथूनच पुस्तक उघडावें. तें उजवीकडून उघडतें.