शंखाचे रूप आणि शंखाचे कुळ

मराठीत ‘काम’ हे दोन शब्द आहेत. उद्योग या अर्थीचे ‘काम’ संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ या वाटेने आले. षड्‌रिपूंतला ‘काम’ संस्कृतातून जसाच्या तसा आला. उच्चार एक, कुळे दोन. भाषेच्या अभ्यासकाने जीवाश्मांविषयी बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु नष्ट झालेल्या नॉटिलसवर्गीय प्राण्यांची कुलनिश्चिती हा नेमका याच जातीचा प्रश्न आहे.

हे प्राणी माकूळ आणि ऑक्टोपस यांचे दूरचे आप्त होत. त्यांचा मृदू देह लोपला. उरला तो शंख. पडद्यांनी त्याचे कप्पे पडलेले असतात आणि प्रत्येक पडद्याला भेदून एक नलिका मागे टोकाकडे जाते. आजचा नॉटिलस या नलिकेवाटे कप्प्यांतील द्रव शोषून घेतो व पाण्यात तरंगण्याचा तोल राखतो.

जुन्या अभ्यासकांनी बाह्याकृतीवर भिस्त ठेवली. सरळ शंख ते ऑर्थोसेरस, किंचित वाकलेले ते सिर्टोसेरस, सैल वेटोळ्याचे ते जायरोसेरस. सोय उत्तम, पण वेटोळे अनेक वंशांत स्वतंत्रपणे उद्भवले आहे. म्हणून विसाव्या शतकात दृष्टी आत वळली. एंडोसेरिड गणात नलिका जाड, शंखाच्या एका कडेस, आणि तिच्यात एकात एक बसविल्यासारखे चुन्याचे शंकू. ॲक्टिनोसेरिडांत ती मण्यांच्या माळेसारखी फुगीर. ऑर्थोसेरिडांत बारीक आणि बहुधा मध्याजवळ.

याचे बोधप्रद उदाहरण लिट्युइटिस. स्वीडन व एस्टोनियातील ऑर्डोव्हिशियन चुनखडकांत, म्हणजे सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, तो सापडतो. आरंभी लहानसे वेटोळे, पुढे लांब सरळ दांडा. रोमन शकुनज्ञाच्या वाकड्या काठीचे, ‘लिटुअस’चे, नाव त्यास शोभते. (नाव ठेवणाऱ्याची रसिकता मान्य केलीच पाहिजे.) आरंभीच्या वेटोळ्यामुळे १९६४ च्या प्रमाणभूत ग्रंथातही हे कुल वेटोळ्या टार्फिसेरिडांत घातले होते. परंतु त्या गणात नलिकेची भित्तिका जाड असते. लिट्युइटिसमध्ये ती पातळ, शिवाय कप्प्यांत चुन्याचे साठे. अंतर्रचनेच्या या साक्षीवरून पुढे त्याचे नाते सरळ शंखांच्या ऑर्थोसेरिडांशी जोडले गेले.

ही साक्ष मिळण्यासाठी मात्र शंख लांबीत, नेमका नलिकेतून कापावा लागतो. छेद जरा बाजूला गेला तर पडदे तेवढे दिसतात, नलिका दिसत नाही. आणि नुसता बाह्य ठसाच उरला असेल तर कापण्याजोगे काहीच नसते. अशा नमुन्याच्या कुलनामापुढे जाणता अभ्यासक प्रश्नचिन्ह घालतो.