विश्लेषण : लहान टॅब्लेट घेताना रिझोल्यूशन किती महत्त्वाचे?

आठ-नऊ इंची टॅब्लेट शोधताना दोन आकडे हमखास दिसतात : १३४० × ८०० आणि १९२० × १२००. दुसऱ्यासाठी सहसा जास्त पैसे मोजावे लागतात. पण तो फरक डोळ्यांना दिसतो का?

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरील एकूण ठिपके, अर्थात पिक्सेल. ते किती जागेत बसवले आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा आणि पडद्याच्या इंचांनी भागा (शाळेतला पायथागोरस इथे कामी येतो). सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ चा ८.७ इंची पडदा १३४० × ८०० चा आहे, म्हणजे दर इंचाला साधारण १७९ पिक्सेल. त्याच आकारात १९२० × १२०० असते, तर २६० भरले असते.

निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपता येतो. त्यामुळे टॅब्लेट ३० सेंटिमीटरवर धरला तर इंचाला २९० पिक्सेलपर्यंतचा फरक जाणवू शकतो. ४५ सेंटिमीटरवर मात्र १९५ च्या पुढचे पिक्सेल जवळपास वाया जातात. स्टँडवर ठेवून व्हिडिओ पाहणाऱ्याने म्हणूनच फार चिंता करू नये. त्याने ‘वाइडवाइन एल१’ आहे का, ते आधी तपासावे. फक्त ‘एल३’ असेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही.

हातात धरून मराठी वाचणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘कृ’ यांना इंग्रजी अक्षराच्या उंचीतच जास्त रेघा मावाव्या लागतात. पिक्सेल कमी पडले की बारीक टंकात आधी जोडाक्षरे गिचमिड होतात, उकार-ऋकार सारखेच दिसू लागतात. ई-पुस्तकांसाठी १९२० × १२०० चे जादा पैसे मला योग्य वाटतात.

ई-पेपरचे मात्र तसे नाही. आठ कॉलमी पान ८०० पिक्सेल रुंदीत बसवले, तर एका कॉलमच्या वाट्याला जेमतेम १०० पिक्सेल येतात. १२०० रुंदीत १५०. शिवाय पानच आक्रसलेले असते, त्यामुळे दोन्हीकडे झूम करावेच लागते. आजोबांना केवळ ई-पेपरसाठी टॅब्लेट हवा असेल, तर ११ इंची पडदा पाहा.

आणि जाहिरातीतल्या ‘१०८०पी व्हिडिओ प्लेबॅक’ या ओळीवर जाऊ नका. टॅब्लेट तशी फाइल चालवू शकतो, एवढाच तिचा अर्थ. पडद्याचे पिक्सेल ‘डिस्प्ले’च्या रकान्यात पाहा.