ताडपत्रीखालची फियाट

दसरा होऊन महिना झाला की जुन्या गाड्या शोधायला निघावं. पाऊस सरलेला असतो, गाडीभोवती वाढलेलं गवत वाळलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे झेंडूचे हार अजून जागेवर असतात. वाड्याच्या पडवीत एखादी फियाट उभी दिसते. चारही टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ, डिकीवर कोंबड्यांची वस्ती. आणि बॉनेटवर एक वाळका हार. गाडी कित्येक वर्षांत जागची हललेली नाही, पण खंडेनवमीला घरातलं कुणीतरी येऊन तिला हळदकुंकू लावून गेलं आहे. शोधणाऱ्याने सगळ्यात आधी ही खूण वाचायला शिकावं. जिला हार आहे ती गाडी टाकून दिलेली नाही.

गाडी कुठे सापडते हे कळणं तुलनेने सोपं आहे. दार उघडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे अवघड. बहुतेक गाड्या तिथेच हुकतात, आणि पुढे पावसात सडतात किंवा किलोवर जातात.

कोणत्या गाड्या अजून मिळतात

महाराष्ट्रात शोध घ्यायचा तर सुरुवात कुर्ल्यापासून होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या तिथे जोडल्या जात. १९५०च्या दशकात इटलीची फियाट आली. गोल पाठीची आणि पुढची दारं उलटी उघडणारी मिलेसेंटो म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. हे नाव प्रेमाचंच आहे, मालकही तेच वापरतात. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७०च्या दशकात तीच प्रेसिडेंट झाली आणि पुढे पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही या गाड्यांची ओळख.

पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी आता मुंबईच्या रस्त्यावर नाही. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला पास झाली होती. वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. खासगी पद्मिनी मात्र गावोगावी उभ्या आहेत. त्यांच्या जोडीला २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, महिंद्रने मुंबईत जोडलेल्या विलीज जीप. नशीब जोरावर असेल तर शिवडीच्या कारखान्यात जोडलेली एखादी शेवरोले. जनरल मोटर्सने तो कारखाना १९२८ ते १९५४ चालवला.

संस्थानिकांच्या गाड्यांमागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दरवर्षी दसऱ्याच्या सोहळ्यात सगळं शहर पाहतं. ती हरवलेली नाही आणि तिला वाली आहे. वाली नाही तो डॉक्टरांच्या फियाटला आणि वकिलांच्या हेराल्डला. एका मध्यमवर्गीय घराने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ही गाडी कुठल्या संग्रहालयात जात नाही, आणि म्हणून तीच आधी नाहीशी होते.

त्या असतात कुठे

हवेचा विचार आधी करावा. कोकणात खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. उघड्यावरच्या गाडीचा तळ हाताने निघून येतो. माण, खटाव, सांगोला, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात तीच गाडी रंग उडालेली पण पत्र्याने शाबूत मिळते. त्यातही साखर कारखान्यांच्या आसपास बघावं. उसाचा पैसा आला तेव्हा बागायतदार, कारखान्याचे अधिकारी आणि तालुक्याच्या गावातले डॉक्टर हेच गाडी घेणारे होते.

विचारायचं कुणाला? साठी ओलांडलेल्या मिस्त्रीला. गावात कोणती गाडी कुणाकडे होती, तिचा क्लच कधी गेला आणि ती शेवटची कोणत्या साली गॅरेजात आली, हे त्याला तोंडपाठ असतं. पेट्रोलपंपावरचा जुना माणूस, पंक्चरवाला, पोस्टमन आणि गुरांचे डॉक्टर यांना घरांच्या मागच्या बाजूही ठाऊक असतात. मिस्त्रीकडे दोनदा चहा प्यावा, तिसऱ्यांदा विचारावं. त्याने सोबत येऊन ओळख करून दिली तर अर्धं काम झालं.

नंबरप्लेटही बोलते. १९८९ मध्ये एमएच आणि पुढे दोन आकडे ही पद्धत आली. त्याआधी तीन अक्षरं आणि मग आकडे असत. बीएमने सुरू होणारी पाटी दिसली तर गाडी मुंबई राज्याच्या काळातली असण्याची शक्यता मोठी.

शहरात वेगळं घड्याळ चालतं. पुण्यात पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला, मुंबईत सोसायटी पुनर्विकासाला निघाली, की पार्किंगच्या कोपऱ्यातली गाडी आठवडाभरात हलवावी लागते. जागा सोडायची तारीख जवळ आली की भंगारवाला येतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. ज्या कुर्ल्यात फियाट जन्मली तिथेच तिचे दरवाजे आणि काचा वेगवेगळ्या विकल्या जातात. म्हणून शहरात पुनर्विकासाची बातमी कळली की थांबू नये.

मालक ‘नाही’ का म्हणतो

लोक म्हणतात, मालक हट्टी असतो. मला तसा हट्टी मालक क्वचित भेटला. त्याच्या ‘नाही’मागे बहुधा चारपैकी एखादं कारण असतं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, वडिलांची गाडी. परवाना राजच्या काळात नाव नोंदवल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ती गाडी दारात आली तो दिवस घरात सण म्हणून लक्षात राहिलेला असतो. देशाच्या पंतप्रधानांनाही गाडी सहज घेता आली नव्हती. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये बारा हजारांची फियाट घेतली ती पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून, आणि त्यांच्या निधनानंतर ते कर्ज ललितादेवींनी फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे. आपल्या आळीतल्या फियाटमागेही अशीच कुणाची तरी बचत उभी असते. तिला कुणी ‘खटारा’ म्हटलं की मालकाला ते वडिलांना म्हटल्यासारखं लागतं.

दुसरं कारण वारस. आजोबांच्या नावावरची गाडी, तीन काका, दोन आत्या, त्यातली एक अमेरिकेत. घरात राहणाऱ्या माणसाला विकायचा अधिकारच नसतो, आणि परक्यापुढे ते कबूल करणं त्याला अवघड जातं. म्हणून तो नुसतंच ‘विकायची नाही’ म्हणतो.

तिसरं, फसवणुकीची भीती. ती खरी आहे. गाडी बघायला म्हणून आलेल्या माणसांनी दिवे, मोनोग्राम, घड्याळ काढून नेल्याच्या तक्रारी कितीतरी घरांत ऐकू येतात.

चौथं कारण बातम्या. फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या एका शेतावर सुमारे साठ गाड्या धूळ खात मिळाल्या आणि २०१५ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. त्यातली एकटी फेरारी एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. असं काही छापून आलं की इथल्या पडवीतल्या फियाटचाही भाव मालकाच्या मनात चढतो. त्या बातमीतला महत्त्वाचा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. गाड्या ‘सापडल्या’ असं जग म्हणालं, पण त्या घराला त्या पन्नास वर्षं ठाऊकच होत्या. वारसांनी बोलावलं म्हणून लिलाववाले तिथे पोहोचले.

पहिली भेट

पहिल्या भेटीत ‘विकायची का?’ हा प्रश्न विचारू नये. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सकाळी दहाच्या पुढे किंवा संध्याकाळी पाचनंतर जावं. दुपारी वामकुक्षीच्या वेळी कडी वाजवणाऱ्याचं स्वागत होत नाही. एकट्याने किंवा दोघांनी जावं. चौघं मोटारीतून उतरले की घरच्यांना जप्ती आल्यासारखं वाटतं. कुंपणाबाहेरून फोटो काढू नयेत. आधी दार, मग गाडी.

बोलण्याची सुरुवात नेमक्या नावाने करावी. “आजोबा, ही डिलाइट ना? चौसष्टची की पासष्टची?” एवढं विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, कारण त्याला वर्षानुवर्षं कुणी हा प्रश्न विचारलेला नसतो. मग तो आपणच सांगू लागतो: कुठून आणली, किती वर्षांनी नंबर लागला, पहिली फेरी जेजुरीची की तुळजापूरची, खंबाटकी घाटात पाणी कसं उकळलं. हे सगळं ऐकून घ्यावं, आणि खरोखर ऐकावं. गाडीचा इतिहास कागदावर नसतो, तो या बोलण्यात असतो. पुढे इंजिन बदललंय का, अपघात झालाय का, हेही त्यातूनच कळतं.

घरातल्या काकूंना वगळून बोलू नये. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचीही वर्षं गेलेली असतात, आणि शेवटचा शब्द पुष्कळदा त्यांचाच असतो. मी पाहिलेल्या एका घरात काका दोन वर्षं नकार देत राहिले. काकूंनी एका दिवाळीत विचारलं, “तुम्ही ती चालू कराल का? मला एकदा बसायचंय.” त्या प्रश्नाने गाडी बाहेर निघाली.

निघताना काहीतरी द्यावं, मागू नये. फाटलेली ताडपत्री बदलून द्यावी, चाकांखाली विटा लावून गाडी ओल्या मातीतून वर उचलून द्यावी, जुन्या मॅन्युअलची झेरॉक्स पाठवावी. फोन नंबर ठेवून यावा आणि मग सणाला एक फोन, एवढंच. दर आठवड्याला फोन करणारा माणूस घरच्यांना दलाल वाटतो.

पैशाची वेळ आली की खरं बोलावं. दुरुस्तीला किती लागेल, तयार गाडी साधारण किती जाते, आपली ऐपत किती, हे तिन्ही आकडे उघड सांगावेत. गाडीत नसलेले दोष काढून भाव पाडणं हा मला या छंदातला सर्वांत हलका प्रकार वाटतो. ज्या घराने तीस वर्षं छप्पर दिलं, त्याची फसवणूक करून आणलेली गाडी अंगणात उभी करताना आनंद कसा व्हावा?

कागद

आरसी बुक सापडलं की आधी त्यातला चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावा. जुळले नाहीत तर तिथेच थांबावं.

मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ असतो, आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. हे सगळं करून द्यायची तयारी घेणाऱ्याने दाखवावी. कित्येक घरांत गाडी अडलेली असते ती केवळ या धावपळीच्या कंटाळ्याने. जुन्या नोंदी बऱ्याचदा संगणकावर नसतात. तेव्हा जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते.

‘पंधरा वर्षांवरची गाडी सरकार जप्त करतं’ अशी भीती अनेक मालकांना आहे. तो कडक नियम दिल्ली परिसराचा. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला की तिच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होऊ शकतं. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखता येतो. अशी गाडी रोज किंवा धंद्यासाठी फिरवता येत नाही. वडिलांचा नंबर तसाच राहतो हे कळल्यावर विरघळलेले मालक मी पाहिले आहेत.

किल्ली फिरवू नका

मालक खूश होऊन म्हणतो, “बॅटरी लावून बघू या.” नम्रपणे नको म्हणावं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. तशीच सेल्फ मारली तर जे वाचलं असतं तेही तुटतं. प्लग काढून आत थोडं तेल सोडावं, काही दिवस थांबावं, मग इंजिन हाताने फिरतंय का पाहावं. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटर बंद करतं, ते काढून टाकावं. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतातच. ब्रेक नाहीत असंच समजून गाडी ट्रकवर चढवावी.

इंजिन दुरुस्त होतं. पाहायचा तो पत्रा: दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ, जॅक लावायच्या जागा.

नकार मिळाला तर

नकार स्वीकारावा आणि पत्ता स्वतःपुरता ठेवावा. सापडलेल्या गाडीचा फोटो गावाच्या नावासकट पसरवला की महिन्याभरात तिचे दिवे गेलेले असतात. मालक गाडी विकणार नसेल, तर त्याला ती स्वतः चालू करायला मदत करावी. चांगला मिस्त्री गाठून द्यावा, ब्रेकचे रबर मिळवून द्यावेत. गाडी वाचणं महत्त्वाचं, ती कुणाच्या दारात वाचते हे नंतरचं.

तुमच्या ओळखीत अशी एखादी ताडपत्री असेल, तर या दिवाळीत तिथे जाऊन या. सोबत झेंडूचा ताजा हार न्या, आणि तो गाडीला घालण्याआधी घरच्यांना विचारा.