ऊस, कातळ आणि मॉरिशस

मॉरिशसमध्ये उसाच्या फडांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले दिसतात. जमिनीत नांगर घालायचा तर आधी हे दगड वेचणे भाग होते. ते वेचले आधी गुलामांनी आणि पुढे भारतातून नेलेल्या मजुरांनी, हातांनी. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सह्याद्रीचा कातळ ज्याचा बनला आहे, तोच. नुसती जात एक आहे असे नव्हे, दोघांचा उगमही एकच आहे.

हिंदी महासागराच्या तळाखाली खोलवर एक उष्णबिंदू आहे. भूशास्त्रज्ञ त्याला रियुनियन उष्णबिंदू म्हणतात. तो जवळपास जागच्या जागी राहतो आणि वरचे भूपट्ट सरकत जातात. शिलाई मशीनची सुई एका जागी खालीवर होत राहावी आणि कापड पुढे सरकल्याने त्यावर टाक्यांची ओळ उमटावी, तसा हा प्रकार. या ओळीतला ठसठशीत टाका म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेले लाव्हाचे थर. त्यानंतर भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्या मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटली. पुढे हा बिंदू आफ्रिकी भूपट्टाखाली आला. सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वरचेवर जागा होतो, मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र थंडावले आहेत.

मॉरिशसच्या पोटात याहून जुने काहीतरी दडले आहे. 2017 साली दक्षिण आफ्रिकेतील विट्स विद्यापीठाचे लुईस अॅशवाल आणि सहकाऱ्यांनी इथल्या जेमतेम 60 लाख वर्षे वयाच्या खडकात झिरकॉनचे बारीक स्फटिक शोधले. त्यातल्या काहींचे वय निघाले 300 कोटी वर्षे! कोवळ्या खडकात इतके म्हातारे स्फटिक आले कुठून? उत्तर असे, की बेटाखाली एका प्राचीन भूखंडाचा तुकडा गाडला गेला आहे आणि वर येताना लाव्हाने त्यातले कण सोबत आणले. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून अलग होताना हा तुकडा मध्येच राहिला असावा. त्याला ‘मॉरिशिया’ असे नाव मिळाले आहे.

वरचे बेट तसे लहान. रॉड्रिग्ज आणि इतर बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, सर्वांत उंच शिखर 828 मीटर. तरीही आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे अडवायला एवढी उंची पुरते. मधल्या पठारावर वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पावपटही पडत नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका एकाच बेटावर बसवले आहेत म्हणा ना! त्यात उन्हाळ्यात चक्रीवादळांची टांगती तलवार.

हे बेट उसाचे झाले त्यामागे ही वादळेही आहेत. फ्रेंचांनी इथे कॉफी, मसाले, कापूस असे बरेच काही लावून पाहिले, पण वादळापुढे त्यांचा निभाव लागेना. ऊस लोळतो, पण मुळासकट जात नाही. खोडवा पुन्हा फुटतो. 1810 मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. 1825 मध्ये इथल्या साखरेवरचा आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका कमी झाला आणि बेटभर ऊस पसरला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, तोवर मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रासमार्गे आले, पण मुंबई बंदरातून कोकण आणि घाटावरची मंडळीही गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज घरी-बाजारात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि सणाला जाखडीच्या वळणाचा ‘झाकरी’ नाच करतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

एकाच पिकावर उभा असलेला देश किती डळमळीत असतो, हे 1960 मध्ये दिसले. फेब्रुवारीअखेर आलेल्या ‘कॅरोल’ वादळाने त्या वर्षीचे साखर उत्पादन निम्म्याहूनही खाली आणले आणि हजारो कच्ची घरे जमीनदोस्त केली. मॉरिशसमध्ये आज सर्रास दिसणारी सपाट छताची काँक्रीटची घरे या धड्यातून आली. त्याच सुमारास ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड बेटाचा अभ्यास करत होते. मलेरियाचा बंदोबस्त झाल्याने मृत्युदर घसरला होता, जन्मदर मात्र चढाच होता. मीड यांचा हिशेब सरळ होता: जमीन तेवढीच, पीक एकच आणि खाणारी तोंडे मात्र दरवर्षी तीन टक्क्यांच्या आसपास वाढणारी. भविष्य त्यांना काळेकुट्ट दिसले. पुढे 1977 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, पण मॉरिशसबाबतचा त्यांचा होरा साफ चुकला.

चुकला तो माणसांनी वागणे बदलल्यामुळे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या घरात मुले होती. मुलींचे शिक्षण आणि कुटुंबनियोजन यांच्या जोरावर दशकभरात हा आकडा साडेतीनच्या आसपास उतरला, तोही कसली सक्ती न करता. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला. 1970 मध्ये निर्यातीसाठी खास कायदा करून कापड कारखान्यांना करसवलती दिल्या आणि तिथल्या शिलाई मशीनवर मुख्यतः बायका बसल्या. 1975 पासून युरोपने सुमारे पाच लाख टन साखर चढ्या दराने घ्यायची हमी दिली. त्या पैशाचा काही भाग कारखान्यांत आणि हॉटेलांत गेला. पुढे पर्यटन आणि वित्तसेवा आल्या. मळेवाले फ्रेंच वंशाचे, मतदार बहुसंख्येने भारतीय वंशाचे, अशा विभागणीतही मळे सरकारजमा झाले नाहीत. साखरेवर निर्यातकर बसला आणि शाळा-दवाखाने फुकट झाले.

युरोपची हमी 2009 मध्ये संपली. 1970च्या दशकात सात लाख टनांपर्यंत गेलेले साखर उत्पादन आता तीन लाखांच्याही खाली आहे. एकोणिसाव्या शतकात अडीचशेवर गेलेल्या गिरण्यांपैकी तीन उरल्या आहेत. उरलेल्या गिरण्या चिपाडांवर वीज करून ती ग्रिडला विकतात. आपल्याकडच्या साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मितीचा रस्ता धरला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे हे चालत आले आहे. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. गाळप हंगाम संपला, की त्याच भट्ट्यांत कोळसा पडतो आणि देशाची बरीचशी वीज आजही आयात केलेल्या कोळशा-तेलावरच निघते.

आता मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास थबकली आहे आणि एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण दीडच्याही खाली गेले आहे. कापड कारखान्यांत परदेशी कामगार आणावे लागतात. तोंडे फार होतील ही साठ वर्षांपूर्वीची धास्ती होती. आताची चिंता नेमकी उलटी, हात कमी पडतील याची. मीड यांच्या आकडेमोडीत चूक नव्हती. उद्याची माणसे आजच्यासारखीच वागतील, हे त्यांनी गृहीत धरले होते. उलट्या दिशेने तीच आकडेमोड मांडून मॉरिशसच्या म्हातारपणाचे भाकीत करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.