पाचव्या पाकळीची जागा

सदाफुलीचे चित्र काढताना मुलांच्या चार पाकळ्या ऐटीत उमलतात आणि पाचवीला जागाच उरत नाही. मग खोडून खोडून कागद फाटतो. यासाठी प्रथम पुसट वर्तुळ काढून मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर पाच रेघा ओढाव्यात: एक वर, दोन बाजूंना, दोन खाली. प्रत्येक रेघेवर मध्याशी निमुळती, कडेला रुंद पाकळी बसवावी. फूल तोडण्याचे कारण नाही. कुंडीपाशीच बसावे, तेथे पाकळ्यांचा किंचित तिरपेपणाही नजरेस येतो. जलरंगात आधी फिकट गुलाबी रंग भरावा. तो पूर्ण वाळल्यावरच मधला गडद ठिपका द्यावा. घाई केल्यास तो पसरतो, आणि मुले घाई करतातच. पाने देठावर समोरासमोर, चकचकीत हिरवी असतात. मधली शीर फिकट असल्याने तेवढा कागद कोरा सोडावा.