जुन्या व्हॉल्व्हचें बिनतारी केंद्र

एक व्हॉल्व्ह, क्वार्ट्झचा एक स्फटिक, तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि मोर्सची एक कळ एवढ्या सामग्रीवर शेकडों मैलांवरील माणसाशीं संभाषण करतां येतें, असें आज कोणास सांगितलें तर तो खिशांतील दूरध्वनीकडे पाहून हंसेल. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पुष्कळ हौशी बिनतारीवाल्यांजवळ याहून फारसें अधिक नसे. तसलें केंद्र मीं अलीकडे घरीं उभारलें. अर्थात् सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविल्यावरच. त्यावांचून लहरी सोडणें हा गुन्हा आहे.

प्रेषकयंत्राचा जीव स्फटिकांत असतो. त्याच्या चकतीची जाडी जेवढी कमी, तेवढीं त्याचीं कंपनें जलद. एक स्फटिक म्हणजे एकच लहर. म्हणून जुना हौशी स्वतःच्या लहरीवर साद घाली आणि मग ग्राहकयंत्राची तबकडी सबंध पट्टाभर फिरवून उत्तर शोधीत बसे. माझा स्फटिक ४० मीटरच्या पट्ट्यांतला आहे. (मुंबईंत १९४२ सालीं उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्तपणें चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे याच्या अगदीं शेजारीं होता.) एरियलची तार सुमारें ६६ फूट, मधोमध तोडलेली, गच्चीवर ती कशीबशी मावली.

व्हॉल्व्ह ६एल६ जातीचा, चोरबाजारांत मिळालेला. त्याच्याकडून सुमारें १० वॅट शक्ति मिळते. कळ दाबून कंडेन्सर हळूहळू फिरवितांना मापकाचा कांटा एकाएकीं खालीं येतो. तेथें गुंडाळी व स्फटिक यांचा मेळ बसला. मात्र कांटा अगदीं तळाला नेऊं नये. तळाच्या किंचित् अलीकडेच थांबावें. शेवटच्या वॅटचा लोभ धरला कीं कंपनें अडखळतात.

आतां धोक्याची गोष्ट. व्हॉल्व्हच्या प्लेटला सुमारें ३५० व्होल्टांचा दाब लागतो. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असें आपण समजतों; परंतु वीजपुरवठ्याच्या भागांतील मोठ्या कंडेन्सरांनीं ती सांठवून ठेवलेली असते. मीं असाच प्लग काढून निश्चिंतपणें गुंडाळीला बोट लावलें आणि खुर्चीसह मागें कोसळलों. मनगट यंत्राच्या लोखंडी बैठकीला टेकलें होतें, म्हणून धक्का हातापुरताच राहिला. डावा हात बैठकीवर असता तर तो छातींतून गेला असता. आतां कंडेन्सरच्या दोन टोकांमध्यें एक रोधक कायमचा जोडला आहे. सांठलेली वीज तो थोड्या वेळांत जिरवितो. तरीहि व्होल्टमापक लावून पाहिल्यावांचून मी आंत हात घालीत नाहीं, आणि त्या वेळीं डावा हात खिशांत असतो. घरांत मुलें असतील त्यांनीं झांकणाला कुलूपच लावावें.

पहिल्या दिवशीं दोन तास साद घालून उत्तर नाहीं. तिसऱ्या संध्याकाळीं खरखरींतून माझी संज्ञा ऐकूं आली. समोरच्यानें ५७९ हा आंकडा दिला: शब्द स्पष्ट, जोर बरा, स्वर शुद्ध. पण आंकड्यामागें त्यानें 'सी' हें अक्षर जोडलें होतें. म्हणजे कळ दाबतांच माझा स्वर पाखराच्या चिवचिवीसारखा वांकत होता. एवढ्या प्रतीक्षेनंतर पहिल्याच भेटींत दोष! एरियलची गुंडाळी मुख्य गुंडाळीला फार लगटली होती. ती बोटभर दूर सरकवून मीं पुन्हां विचारलें. या वेळीं जोर ६ वर आला, पण 'सी' नव्हता.