एक मृग, दोन शर

आमच्या घरांत शस्त्र म्हणण्यासारखें जें कांहीं आहे तें विळी, कोयता आणि अडकित्ता एवढेंच. बंदूक आमच्या सात पिढ्यांत कोणीं हातीं धरिली नाहीं. असें असतां आम्ही शिकारीविषयीं लिहावयास बसलों याचें वाचकांस नवल वाटेल. त्याचें निमित्त आमच्या वडील बंधूंचा मुलगा. हा अमेरिकेंत कोलोराडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं नोकरीस आहे. त्याचा शेजारी सुतारकाम करणारा एक पन्नाशीचा गृहस्थ. सन २०२४ च्या ऑक्टोबरअखेर हा गृहस्थ एल्कच्या शिकारीस निघाला, तेव्हां आमचा पुतण्या केवळ डोंगर पाहण्याच्या हौसेनें त्याच्याबरोबर गेला. परत आल्यावर दर रविवारीं त्यानें दूरध्वनीवरून ती हकीगत आम्हांस हप्त्याहप्त्यानें सांगितली. आमच्या वहिनी पहिल्याच रविवारीं रागावून आंत निघून गेल्या. दाराआडून ऐकत मात्र होत्या. आम्हांस स्वतःस त्या हकीगतींत जनावरापेक्षां माणसांचीच कथा अधिक दिसली, म्हणून ती येथें देतों.

एल्क हें हरिणकुळांतील एक थोर जनावर. काश्मिरांतील हंगुल हा त्याचा जवळचा आप्त. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन तीनशें किलोच्या घरांत जातें, आणि एवढीं थोरलीं शिंगें दरवर्षीं गळून पुन्हां नवीं येतात. युरोपांत ‘एल्क’ हें नांव निराळ्याच जनावरास लावितात. म्हणून कित्येक जण याला ‘वापिटी’ म्हणतात. हा शब्द शॉनी नांवाच्या तेथील मूळच्या लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा आहे.

आतां हकीगतीकडे वळूं. व्हाइट रिव्हर नांवाचें एक विस्तीर्ण राष्ट्रीय अरण्य त्या राज्याच्या पश्चिम भागांत आहे. पहिल्या दिवशीं पहांटें चार वाजतां, गोठविणाऱ्या थंडींत, हे दोघे मोटारीचा रस्ता संपून पायवाट सुरू होते तेथें पोंचले. तों तेथें आधींच नऊ मोटारी उभ्या! पुतण्यास वाटलें, आतां हा चिडणार. शेजाऱ्यानें मोटारी मोजल्या, नकाशा काढिला, गाडी फिरविली आणि म्हणाला, “ही पहिली जागा गेली. अजून तीन आहेत.”

एवढे लोक एका डोंगरावर कां लोटतात हें समजण्यास त्या देशाची जमीन व कायदा समजला पाहिजे. अमेरिकेंत सुमारें ६४ कोटी एकर जमीन मध्यवर्ती सरकारची, म्हणजे सर्व प्रजेची आहे. आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या ही आठपटीहून अधिक भरते. तिचा मोठा भाग पश्चिमेकडील राज्यांत आहे. इंग्लंडांत मृगया हा राजाचा व जमीनदारांचा मान असे. अमेरिकेंत मात्र रानटी जनावर हें प्रजेचें, आणि राज्यसरकार हें त्याचें विश्वस्त, असें तत्त्व रूढ झालें. परवाना काढावा, ऋतु पाळावा, आणि सार्वजनिक अरण्यांत खुशाल शिरावें. सुतार असो वा सावकार, हक्क सारखा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस अधिक सांगावयास नको. माजघर सर्वांचें असलें म्हणजे उन्हाळ्यांतली वाऱ्याची जागा कोणाची, हा प्रश्न रोज दुपारीं उभा राहतोच.

ही सामायिक ठेव एकदां बुडण्याच्या बेतास आली होती. युरोपीय लोक येण्यापूर्वीं या खंडांत एल्कांचे कळप लाखांनीं होते. पुढें मांसाच्या व कातड्याच्या व्यापारासाठीं त्यांची कत्तल झाली. त्यांच्या वरच्या जबड्यांतील दोन दांत हस्तिदंतासारखे असतात. घड्याळाच्या सांखळीस ते लटकविण्याची टूम निघाली, तेव्हां केवळ दातांसाठीं जनावर मारून बाकीचें धूड कुजूं देणारेहि निपजले. विसाव्या शतकाच्या आरंभीं सबंध देशांत एक लाखाहि एल्क उरले नव्हते. मग बंदोबस्त झाला. यलोस्टोनच्या प्रदेशांत जे कळप वांचले होते, त्यांतील जनावरें आगगाडीनें इतर राज्यांत नेऊन सोडण्यांत आलीं. १९३७ सालीं शिकारी बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य प्राण्यांच्या संगोपनाकडे लावण्याचा कायदा झाला. आज एल्कांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. ज्यांनीं मारावयाचें त्यांच्याच पैशानें वाढविलेलें हें धन आहे, हें आमच्यासारख्या शाकाहाऱ्यास चमत्कारिक वाटतें खरें. पण आंकडा आंकडाच आहे.

जनावरें वाढलीं, तशी मागणारांचीहि रीघ लागली. त्यांत आतां प्रत्येकाच्या खिशांतील भ्रमणध्वनीवर नकाशे आले. पूर्वीं जी खिंड बापानें मुलास मरतांना सांगावी, ती आतां परगांवचा मनुष्य घरबसल्या हेरतो. म्हणून कित्येक राज्यांत परवान्यांची सोडत निघते. यंदां ज्याचा नंबर लागला नाहीं त्याच्या नांवें एक गुण जमा होतो, आणि उत्तम प्रदेशासाठीं असे गुण सांठवीत लोक वर्षानुवर्षें वाट पाहतात. परराज्यांतील शिकाऱ्यास तर फीहि जबर. माँटाना राज्यांत १९७६ सालीं रहिवाश्यास केवळ एल्कचा परवाना नऊ डॉलरांस मिळे. बाहेरच्यास त्याच एल्कसाठीं २२५ डॉलरांचा जोडपरवाना घ्यावा लागे. याविरुद्ध फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९७८ सालीं निकाल राज्याच्या बाजूनें लागला. कोलोराडोनेंहि २०२५ पासून पश्चिमेकडील डोंगरांत परराज्यांतील धनुर्धाऱ्यांस मागेल त्यास परवाना देण्याची जुनी रीत बंद करून सोडत सुरू केली.

येथवर झालें तें बरोबरीच्यांमधील चढाओढीचें. धनवंताशीं गांठ पडली म्हणजे प्रकरण निराळें होतें. १८६२ च्या कायद्यानें आगगाडीच्या कंपन्यांस रुळांच्या दोहों बाजूंस एकाआड एक चौरस मैल जमीन इनाम मिळाली. त्यामुळें तेथील नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. पांढरीं घरें सरकारचीं, काळीं खाजगी. पांढऱ्या घरांतून पांढऱ्या घरांत जावयाचें तर उंटाच्या चालीनें कोपऱ्यावरूनच गेलें पाहिजे. पण त्या कोपऱ्यावर जातांना खांदा काळ्या घराच्या हवेंत जातो! वायोमिंग राज्यांतील एल्क माउंटन येथें जमीनमालकाच्या बाजूनें अशा एका कोपऱ्यावर खुंट रोवून सांखळी व मनाईच्या पाट्या लावण्यांत आल्या होत्या. २०२१ सालीं मिसूरी राज्यांतील चार शिकाऱ्यांनीं बरोबर एक शिडी आणिली, ती कोपऱ्यावर उभी केली, एका सरकारी घरांतून चढून ते दुसऱ्या सरकारी घरांत उतरले, आणि खाजगी मातीस पाऊल म्हणून लागूं दिलें नाहीं. त्यांच्यावर फौजदारी झाली. २०२२ सालीं पंचांनीं त्यांस निर्दोष सोडलें. दिवाणी दाव्यांत मालकानें सत्तर लाख डॉलरांहून अधिक नुकसानी मागितली. २०२३ सालीं न्यायाधीशांनीं व मार्च २०२५ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें शिकाऱ्यांच्या बाजूनें कौल दिला. सार्वजनिक जमिनीची वाट अडवूं नये असा १८८५ चा जुना कायदा त्या कामीं उपयोगीं पडला. ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपील ऐकण्याचें नाकारलें. एका शिडीनें सहा राज्यांपुरता प्रश्न सोडविला. आम्ही गणित शिकवीत असतां बिंदूस लांबीरुंदी नसते असें मुलांस सांगत असूं. त्या बिंदूवरून चार वर्षें कोर्टकचेरी होईल असें कधीं मनांत आलें नव्हतें.

आमच्या पुतण्याच्या शेजाऱ्याजवळ ना पैसा, ना शिडी. त्याची सर्व विद्या इतर शिकाऱ्यांच्या संवयी ओळखण्याची. तो म्हणे, एल्कचा स्वभाव मला वीस वर्षांत समजला, माणसांचा समजण्यास अधिक लागलीं. बहुतेक लोक मोटारीपासून मैल-दीड मैलापलीकडे जात नाहींत. एल्कहि हें जाणून असतो. ऑरेगन राज्यांतील स्टार्की येथील प्रायोगिक अरण्यांत १९८९ पासून चाललेल्या अभ्यासांत वाहत्या रस्त्यांपासून तो दूर राहतो असें आढळलें आहे. म्हणून ‘दूर जा’ हा पहिला उपदेश. पण हा उपदेश आतां सर्वांनींच ऐकिलेला असल्यामुळें कधीं कधीं दूरच गर्दी होते, आणि रस्त्यालगतची एखादी काट्याकुट्यांची घळ ओलांडून सर्व जण पुढें जातात. एल्क तेथेंच स्वस्थ रवंथ करीत बसलेला असतो. पहिल्या दोन दिवसांत हौशे लोक दमून घरीं जातात, तेव्हां मधल्या वारीं जावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्यांच्या गर्दीवर चिडूं नये, तिचा उपयोग करावा. दरींत शिरलेले लोक जनावरें उठवितात. तीं कोणत्या खिंडीनें निसटतील हें ताडून तेथें अंधारांतच जाऊन बसावें. म्हणजे नऊ मोटारींतले लोक हे आपले बिनपगारी हांकारे झाले.

सप्टेंबरांत नर माजावर आला म्हणजे बिगुलासारखा ओरडतो, आणि धनुर्धारी शिकारी शिटी वाजवून त्याची नक्कल करितात. दोन शिकारी झाडींतून एकमेकांस तासभर साद घालीत जवळ येतात, आणि शेवटीं समोरासमोर उभे राहून ओशाळतात, असेंहि घडतें. आम्हांस यावरून शरयूतीरींचा दशरथ आठवला. घागरीचा शब्द हत्तीचा समजून त्यानें काय करून ठेविलें तें सर्वांस ठाऊक आहे. कोलोराडोंत बंदुकीच्या हंगामांत अंगावर पांचशें चौरस इंच झगझगीत नारिंगी (किंवा तसेंच गुलाबी) वस्त्र वागविण्याची सक्ति आहे ती याचसाठीं. मृगास नारिंगी रंग ओळखूं येत नाहीं, मनुष्यास मैलावरून दिसतो.

चौथ्या दिवशीं हे दोघे अंधारांतच एका खिंडीवर चढून बसले. उजाडलें तों दोनशें पावलांवर नारिंगी रंगाचे दोन ठिपके! एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू. शेजारी उठला, हात वर करून सावकाश त्यांच्याकडे गेला आणि कुजबुजला, “आपण आधीं आलांत. आम्ही दुसरीकडे जातों.” म्हाताऱ्यांनीं मान हलविली. “खिंडीला दोन बाजू आहेत. उत्तरेची आम्ही पाहतों, दक्षिणेची तुम्ही पाहा.” सीमा ठरली, खूण म्हणून एक वाळलेलें झाड.

आठाच्या सुमारास खालच्या दरींत दोन बार झाले, आणि एक एकटा नर उत्तरेच्या उतारानें वर आला. मुलानें गोळी झाडली. जनावर डगमगलें, पण पडलें नाहीं. खिंड ओलांडून, वाळलेल्या झाडावरून, दक्षिणेच्या बाजूस आलें. पुढें पन्नास पावलांवर दाट झाडी. एकदां आंत गेलें कीं सांपडणें कठीण. शेजाऱ्यानें नेम धरिला आणि तें जागचें जागीं कोसळलें.

आतां तें कोणाचें? किरात आणि अर्जुन यांच्यांत एका वराहावरून हाच तंटा झाला होता, आणि त्यावर भारवीनें अठरा सर्ग लिहिले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, ज्यानें रान तोडलें त्याचें शेत आणि ज्याचा बाण आधीं लागला त्याचा मृग, असा दृष्टान्त आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढें १८०५ सालीं असाच खटला आला. एकानें कुत्रे लावून कोल्ह्याचा पाठलाग केला, दुसऱ्यानें मधेंच येऊन तो मारून नेला. नुसत्या पाठलागानें स्वामित्व येत नाहीं, धरिलें पाहिजे किंवा प्राणघातक जखम करून पाठ न सोडली पाहिजे, असा बहुमताचा निकाल झाला. हा खटला तेथील कायद्याच्या विद्यार्थ्यांस अजून पढवितात.

डोंगरावर मात्र ग्रंथ नव्हते. म्हातारे म्हणाले, “पाडलें तुम्हीं, तुमच्या बाजूस. तुमचेंच.” शेजाऱ्याच्या खिशांत परवाना होता, चार वर्षें त्याला एल्क मिळाला नव्हता, आणि घरीं हिंवाळ्याच्या मांसाची वाट पाहणारीं माणसें होतीं. हें सारें आमच्या पुतण्यास ठाऊक होतें. तो श्वास रोखून उभा. औदार्य दाखवावें तर तेंहि सोपें नाहीं, कारण एकानें मारलेल्या जनावरास दुसऱ्याचा परवाना लावणें हा गुन्हा आहे. शेजारी म्हणाला, “आधीं आंत पाहूं.” त्यानें सुरी काढून जनावर उघडलें. त्याची स्वतःची गोळी कण्याला लागली होती. मुलाची खांद्यामागून दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. दोघांनींहि वांकून पाहिलें. “हें झाडींत शंभर पावलें गेलें असतें,” शेजारी मुलाकडे वळून म्हणाला, “तुझें आहे. परवाना काढ.” मुलगा आजोबांकडे पाहूं लागला, त्याच्या हातांस इतका कंप सुटला होता कीं कागद बांधतां येईना.

शंभर किलोच्या आसपास मांस, अडीच मैलांची उतरण. म्हाताऱ्यांच्यानें तें होणें शक्य नव्हतें. शेजाऱ्यानें तीन खेपा केल्या. आमच्या पुतण्यानें मांसास हात लावला नाहीं, पण शिंगांसकट डोकें खालीं नेलें, हें त्यानें तीन रविवार लपवून ठेविलें होतें.

उरलेल्या दिवसांत शेजाऱ्यास एल्क मिळाला नाहीं. जानेवारींत त्याच्या दारीं एक मोठी पेटी आली. आंत आजोबांच्या घरच्या शितपेटींतलें मांस होतें, आणि वर मुलाच्या अक्षरांत चिठ्ठी लावलेली मधाची एक बरणी, ‘जे मांस खात नाहींत त्यांच्यासाठीं’. त्या बरणींतला थोडा मध पुतण्यानें यंदां येतांना इकडे आणिला. वहिनींनीं ती बाटली चार दिवस फडताळाबाहेर ठेविली. पांचव्या दिवशीं उघडून देवाच्या पंचामृतांत घातली.